घरच्या कॉम्प्युटरवरचा डेटा कसा सांभाळायचा? बाबांच्या गाण्यांचं काम आहे त्यात

मानेवाडा_रोड

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, सवडीने वाचा पण उत्तर नक्की द्या. मी मानेवाड्याला राहते, घरूनच काही दुकानदारांचं टॅली अन् जीएसटी रिटर्नचं काम करते. घरात कॉम्प्युटर एकच, डेस्कटॉप, विंडोज १०, आत १ टीबीची साधी हार्ड डिस्क, आणि घरातलं सगळं त्याच्यातच आहे. माझं टॅली, मुलांचे फोटो, प्लॉटचे स्कॅन केलेले कागद, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबांचं काम.

बाबा भंडारा जिल्ह्यात शिक्षक होते. नोकरीत असताना गावोगाव फिरून त्यांनी दंडारीची (आमच्याकडच्या लोकनाट्याची) गाणी, रोवण्याची म्हणजे धान लावणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, बायांना बसवून टेपवर रेकॉर्ड केल्या. साठेक कॅसेट होत्या, त्या भावाने कॉम्प्युटरवर घेऊन दिल्या, वेव्ह फाइली आहेत. लिहिलेलं सगळं श्रीलिपीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरने टाइप केलेलं आहे, काही वर्डमध्ये, काही पेजमेकर ह्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. गाणाऱ्यांपैकी बहुतेक आज्या आता नाहीत, म्हणजे हे गेलं तर परत कुठूनच मिळणार नाही.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टायपिंग-छपाईच्या जॉबवर्कचं दुकान आहे, मागच्या आठवड्यात त्यांच्या सगळ्या फाइलींच्या नावापुढे काहीतरी विचित्र अक्षरं लागली, एकही फाइल उघडत नाही आणि प्रत्येक फोल्डरमध्ये डॉलरमध्ये पैसे मागणारी एक नोटपॅडची फाइल. त्यांच्याकडे बॅकअपची डिस्क होती हो, पण ती कॉम्प्युटरला लावलेलीच होती, ती पण गेली. लग्नपत्रिका, पुस्तकं, कितीतरी वर्षांचं काम. तेव्हापासून मला झोप नाही.

तर एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊ, एसएसडी (तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) घेऊ की पैसे भरून गुगल ड्राइव्ह? भाऊ म्हणतो ६४ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह घे, झालं. उन्हाळ्यात ह्याच खोलीत कूलर लागतो अन् लाईन पण जाऊन येऊन राहते, त्याचा डिस्कवर परिणाम होतो का? आणि पासवर्ड लावायचा तर बाबांचं वय झालंय, त्यांना उघडता आलं पाहिजे ना.

मिहान_वाला

ताई सरळ गुगल वनचा १०० जीबीवाला प्लॅन घ्या, ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप टाका, फोल्डर निवडा, विषय संपला. फुकटच्या १५ जीबीत तुमचं मावणार नाही, त्यात जीमेल आणि फोटो पण मोजतात. घरात डिस्का सांभाळायच्या भानगडीत पडू नका, डिस्क आज ना उद्या जातेच.

रेशीमबाग_हार्डवेअर

मिहानवाल्या भाऊचं अर्धं बरोबर आहे, डिस्क जातेच. पण नुसता ड्राइव्ह म्हणजे बॅकअप हे मला पटत नाही, ते सिंक आहे. इकडे फाइल उडाली की तिकडचीही उडते, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मंग तिथूनही साफ. बाबांची एखादी फाइल कोणाच्या हातून डिलीट झाली अन् दोन महिने कोणाच्या लक्षातच आलं नाही तर काय करणार? त्या दुकानासारखं झालं तर लॉक झालेल्या फाइलीच वर चढतात, जुनं व्हर्जन काढता येतं पण हजारो फाइलींचं एकेक करून काढत बसणं सोपं नाही. ड्राइव्ह जरूर ठेवजा, पण तिसरी कॉपी म्हणून.

पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरमुळे ३-२-१ चा नियम सगळीकडे पसरला, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. तुमच्यासाठी मी हे असं सांगीन की १ टीबीच्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, फिरत्या तबकडीवाल्या साध्याच, शक्यतो दोन वेगळ्या कंपनीच्या. एक घरी कपाटात, एक दुसऱ्या घरी. एसएसडी कॉम्प्युटरच्या आत टाका, कॉम्प्युटर पळायला लागेल, पण कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला ती घेऊ नका. एसएसडीत डेटा विजेच्या चार्जवर टिकतो अन् बंद पडून राहिली की तो चार्ज हळूहळू उतरतो. जेडेक नावाची संस्था ह्याचं मानक ठरवते, घरगुती एसएसडी पूर्ण वापरून झिजली की त्यानंतर बंद अवस्थेत ३० अंशाला एक वर्ष डेटा टिकावा एवढीच त्यांची अट आहे. नवी एसएसडी त्याच्यापेक्षा खूप जास्त टिकते हे खरं, पण तापमान वाढलं की हा काळ कमी होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीतलं कपाट ३० अंशावर थोडीच राहते. पेन ड्राइव्हचं पण तेच, वर आतला माल कोणत्या दर्जाचा ते कळत नाही अन् नकली तर इतके येतात की ६४ जीबी लिहिलेलं असते, आत ८ निघते. भावाने आणलेच तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे त्याने आधी पूर्ण भरून तपासा.

त्या दुकानात जे झालं ते रॅन्समवेअर. कॉम्प्युटरला जे जे जोडलेलं दिसेल, बाहेरची डिस्क, नेटवर्कवरचं फोल्डर, सगळं ते लॉक करते. म्हणून बॅकअपची डिस्क फक्त कॉपी करताना लावायची, झालं की सेफली रिमूव्ह करून काढून ठेवायची. घरगुती कॉम्प्युटरवर हे बहुतेक क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून येते, स्टॉप-डीजेव्हीयू नावाची एक आख्खी जात तशीच पसरली. त्या दुकानदाराला सांगजा की पैसे पाठवू नको, फॉरमॅटही मारू नको, लॉक झालेली डिस्क काढून बाजूला ठेव. नो मोअर रॅन्सम नावाची वेबसाइट आहे, युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये सुरू केली, तिथे दोन लॉक झालेल्या फाइली टाकल्या की कोणतं रॅन्समवेअर आहे अन् त्याची चावी निघाली आहे का ते फुकटात सांगतात. आज नसली तरी पुढे कधी निघू शकते. तक्रार १९३० वर किंवा सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर करायची.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे पण लक्षात घ्या. जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नाव नोंदवावं लागते. अपडेटला कमी समजू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आलं, दीडशे देशांत कॉम्प्युटर लॉक झाले, अन् ते ज्या भोकातून शिरलं ते बुजवायचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं.

सगळ्यात आधी मात्र आजच्या आज क्रिस्टलडिस्कइन्फो डाउनलोड करा अन् डिस्कची तब्येत काय दाखवते ते इथे लिहा. बाकी सगळं नंतर.

हिशोबवही

टॅलीपुरतं सांगते. टॅली प्राइममध्ये ऑल्ट वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे, पण बऱ्याच जणी ते सी ड्राइव्हवरच घेतात, म्हणजे डिस्क गेली की दोन्ही गेलं. रोज काम संपलं की बॅकअप बाहेर घ्या, आणि प्रत्येक वेळी नवीन फोल्डर, नाव तारखेचं. आदल्या दिवसाच्या बॅकअपवर नवा टाकू नका, कारण कंपनीचा डेटा बिघडलेला असेल तर बिघडलेलाच चांगल्यावर बसतो. शिवाय महिन्यातून एकदा वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करून, कंपनी उघडून, ताळेबंद जुळतो का पहा. जीएसटी कायद्यात वह्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायच्या असतात, म्हणजे जुन्या क्लायंटचा डेटा काम सोडलं तरी उडवता येत नाही.

लाईनचं म्हणाल तर टॅली चालू असताना लाईन गेली की डेटा बिघडायचा धोका खरा आहे. यूपीएस पाहिजेच, साधा ६०० व्हीएचा चालतो, काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ मिळाला की पुरे. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदला, वरून हिरवा दिवा दिसतो अन् लाईन गेल्यावर पाच सेकंदात बंद पडतो असे यूपीएस घरोघरी आहेत. इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा.

आणि कूलरची हवा सीपीयूवर सरळ येऊ देऊ नका. ती हवा ओलसर असते, धूळही आणते, आत फॅनवर चिखलासारखा थर बसतो. डिस्कला गरमीपेक्षा तो ओलावा जास्त वाईट.

मानेवाडा_रोड

किती पटकन उत्तरं दिली सगळ्यांनी, खरंच आभार. क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं. पिवळ्या रंगात कॉशन लिहून आलंय. खाली करंट पेंडिंग सेक्टर काउंटच्या पुढे पिवळा ठिपका आहे, आकडा शून्यांच्या शेवटी १८. कॉम्प्युटर तर नीट चालतोय, फक्त मधेच अडकतो. काय समजायचं?

रेशीमबाग_हार्डवेअर

ताई तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत असतो, म्हणजे तुमचा १८ म्हणजे २४. चोवीस जागा अशा आहेत की डिस्कला त्या वाचता येऊन नाही राहिल्या. डिस्क आज बंद पडेल असं नाही, पण आता तिच्यावर भरवसा ठेवू नका. काय करायचं नाही ते आधी ऐका. डिफ्रॅग नाही, चेकडिस्क नाही, कोणी म्हणेल फॉरमॅट मारून पहा तर अजिबात नाही. चेकडिस्क फाइल सिस्टिम दुरुस्त करते, त्या नादात फाइलींचे तुकडे इकडेतिकडे होतात, अन् आजारी डिस्कवर आख्खा स्कॅन म्हणजे तिला आणखी दमवणं.

आजच सीताबर्डीला जाऊन एक एक्स्टर्नल डिस्क आणा, दुसरी नंतर. आधी बाबांचा श्रीलिपीचा फोल्डर कॉपी करा, तो छोटा असेल, काही मिनिटांत होईल. मग टॅली, मग प्लॉटचे कागद, मग ऑडिओ, फोटो शेवटी. कटपेस्ट नाही, कॉपीच. एखाद्या फाइलवर अडकली तर स्किप करून पुढे जा, तिचं नाव कागदावर लिहून ठेवा, तिथेच पुन्हा पुन्हा ट्राय करू नका. टकटक असा आवाज यायला लागला तर त्याच क्षणी बंद करा अन् इथे विचारा, कारण मग काम घरचं राहत नाही, रिकव्हरी लॅबचं होते.

रिपेअरिंगला कॉम्प्युटर द्यायची वेळ आली तर डिस्क काढून घरी ठेवूनच द्या. तुमच्याकडे दुसऱ्यांचे पॅन अन् बँकेचे तपशील आहेत.

महालचा_टंकलेखक

मी बरीच वर्षं डीटीपीत आहे म्हणून श्रीलिपीबद्दल लिहितो, वरच्या सगळ्यांनी डिस्कबद्दल सांगितलं पण तुमच्या बाबांच्या कामाला दुसरा एक धोका आहे अन् तो डिस्क कितीही नवी घेतली तरी जात नाही. श्रीलिपीच्या जुन्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे अन् चिन्हांचे कोड असतात, श्री-देव नावाचे ते फॉन्ट बसवलेले असले की ते मराठी दिसते. फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही एक ओळ वाचता येत नाही. पेजमेकर तर त्याहून कठीण, शेवटचं व्हर्जन ७ हे २००१ मध्ये आलं अन् नंतर ते सॉफ्टवेअरच थांबलं. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये पेजमेकरच्या फाइली सीएस६ पर्यंतच उघडत होत्या, पुढच्या व्हर्जनमध्ये ती सोय काढली.

म्हणून विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर पण कॉपी करा, निदान त्यातले श्री नावाचे सगळे. श्रीलिपीची सीडी अन् डोंगल (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावायची चावी) असेल तर फेकू नका. मग हा कॉम्प्युटर चालू आहे तोवर प्रत्येक फाइलची पीडीएफ करा, फॉन्ट आत एम्बेड करून, म्हणजे छापल्यासारखं जसंच्या तसं राहील. त्यानंतर युनिकोड, म्हणजे खास फॉन्ट नसला तरी कुठेही वाचता येणारी मराठी. श्रीलिपीच्या नव्या आवृत्तीत कन्व्हर्टर आहे, नेटवर फुकटचेही मिळतात, पण कोणताच शंभर टक्के बरोबर करत नाही. रफार सरकतो, जोडाक्षरं तुटतात, ‘ऱ्या’ अन् ‘ऱ्हा’ हमखास चुकतात. साध्या मराठीत तुम्ही वाचून दुरुस्त कराल, पण झाडीबोलीतल्या, म्हणजे भंडाऱ्याकडच्या बोलीतल्या ओवीत चूक झाली की ती चूक आहे की तसाच शब्द आहे हे मशीनला कळत नाही अन् तुम्हाला मला पण कळणार नाही, ते फक्त बाबांना कळेल. म्हणून बाबांना समोर बसवा, कॅसेट लावा अन् कन्व्हर्ट केलेलं ऐकत ऐकत तपासा. हे काम पुढच्या वर्षीवर ढकलू नका हो.

दुसरं म्हणजे ऑडिओ फाइलींची नावं काय आहेत? माझा अंदाज ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ असंच असेल. कोणत्या गावची, कोणत्या बाईने गायलेली, कोणत्या सालची, रोवण्याची की जात्यावरची, हे आज बाबांना आवाज ऐकून सांगता येईल. ते फाइलच्या नावात अन् सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. बाबा सांगताना मोबाइलवर त्यांचाही आवाज रेकॉर्ड करा. माझ्या मते तुमच्या कॉम्प्युटरमधल्या कोणत्याही फाइलपेक्षा हे आधी वाचवायला पाहिजे, कारण ह्याची तर अजून एकही कॉपी नाही.

अंबाझरी_लेआऊट

घराबाहेरची कॉपी हा मुद्दा लोक वाचतात अन् सोडून देतात म्हणून लिहून राहिलो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते ना, काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि आमच्या लेआऊटमध्ये, डागा लेआऊटमध्ये, कॉर्पोरेशन कॉलनीत तळमजल्यात छातीएवढं पाणी. अंधारात लोकं जीव घेऊन वर पळाले. शेजारी एक रिटायर्ड प्राध्यापक आहेत, त्यांच्याकडे दोन कॉपी होत्या, एक टेबलाखालच्या सीपीयूत अन् एक त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. दोन्ही एकाच पाण्यात गेल्या. नंतर कोणीतरी डिस्क उन्हात सुकवून चालू करून पाहिली अन् होतं नव्हतं तेही गेलं, कारण आत गेलेली माती तबकडीवर घासते. भिजलेली डिस्क सुकवायची नाही, ड्रायर लावायचा नाही, वीज द्यायची नाही, तशीच पिशवीत घालून लॅबला द्यायची.

तुमचं भंडाऱ्याला घर किंवा नातेवाईक असेल तर दुसरी डिस्क तिकडे ठेवा अन् जाल तेव्हा अदलाबदल करा. सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर घ्या, हे तर फुकटात होते.

मिहान_वाला

रेशीमबाग दादाचा सिंकचा मुद्दा मान्य, मी तिसरी कॉपी म्हणून ड्राइव्ह असं दुरुस्त करतो. जागेचा हिशोब मात्र सांगतो, सीडी क्वालिटीची स्टीरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे तासाभराची कॅसेट ६०० एमबीच्या वर, साठ कॅसेट धरल्या तर ४० जीबीच्या आसपास. फ्लॅकमध्ये बदलली तर जवळपास अर्धी जागा लागते आणि आवाजातलं काहीच जात नाही. एमपी३ मध्ये बदलून मूळ उडवू नका, तिथे गेलेलं परत येत नाही.

पासवर्डबद्दल माझं स्पष्ट मत आहे की सगळ्याला एकच कुलूप लावू नका. गाण्यांना लावूच नका. त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट वीस वर्षांनी तुमच्या मुलांपैकी कोणी डिस्क लावली तर ती सरळ उघडली पाहिजे. टॅली, लोकांचे पॅन, प्लॉटचे कागद हे मात्र बंद पाहिजे. व्हेराक्रिप्ट फुकट आहे, त्यात एक बंद पेटीसारखी फाइल बनते, हे सगळं त्यात ठेवा. तिचा पासवर्ड विसरला तर कोणीही उघडून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून पाकिटात, बँकेच्या पासबुकांसोबत, अन् भावाला माहीत असू द्या. पुढे नवीन विंडोज ११ चा लॅपटॉप घेतला तर बऱ्याचदा डिस्क आपोआपच एन्क्रिप्ट झालेली येते, त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, ती पण छापून ठेवा.

गुगल अकाउंटला टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) लावा आणि त्याचे बॅकअप कोड त्याच पाकिटात. दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गुगल डिलीट करू शकते, तेव्हा बाबांच्या नावाने वेगळं अकाउंट उघडून विसरू नका. सेटिंगमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, अकाउंट वापरात नसलं तर कोणाला कळवायचं ते त्यात ठरवता येते, तिथे तुमचं अन् भावाचं नाव टाका.

आणि गाणी इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या ऑनलाइन संग्रहावर टाकायचा विचार करा, फुकट आहे. पण आधी बाबांना विचारा, गाणाऱ्या बायांच्या घरच्यांनाही विचारता आलं तर विचारा.

मानेवाडा_रोड

डिस्क आणली, काल रात्री बसून कॉपी केलं. श्रीलिपीचं सगळं आलं, टॅली आलं आणि दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोर करून पाहिलं, ताळेबंद जुळला. ऑडिओमधल्या तीन फाइली अडकल्या, नावं लिहून ठेवली आहेत. भावाला विचारलं तर त्याच्याकडे मूळ कॅसेट अजून आहेत म्हणतो, फक्त टेपरेकॉर्डर कुठे मिळेल ते पाहावं लागेल. बाबांना नावांचं सांगितलं तर ते सकाळीच वही घेऊन बसले, पहिल्याच फाइलला म्हणाले ही लाखांदूरकडची आहे, रोवण्याची, आणि गाणारीचं नावही सांगितलं.

जुनी डिस्क आता फेकायची का? आणि नवीन डिस्कचा फॉरमॅट एक्सफॅट दाखवते, तशीच राहू द्यायची?

रेशीमबाग_हार्डवेअर

फेकू नका. काढून, वर तारीख लिहून ठेवा. त्या तीन फाइलींसाठी लिनक्सचं डीडीरेस्क्यू वापरून पाहू, ते आधी सोपा भाग काढून घेते अन् अडलेल्या जागांवर शेवटी परत येते. पण आधी कॅसेट शोधा, त्या मिळाल्या तर डिस्कला त्रास द्यायचं कामच नाही. टेप जुन्या कोणाकडून आणला तर हेड स्पिरिटने साफ केल्याशिवाय बाबांची कॅसेट आत टाकू नका, आधी एखादी टाकाऊ कॅसेट वाजवून पहा ती गुंतते का.

एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही नसते, कॉपी चालू असताना लाईन गेली की आख्खा फोल्डर गायब व्हायची भीती. तुम्ही विंडोजच वापरता तर एनटीएफएस हा फॉरमॅट बरा. पण आत्ता तिच्यात तुमची एकुलती एक चांगली कॉपी आहे, म्हणून ही फॉरमॅट करू नका. दुसरी आणा, ती एनटीएफएस करा, सगळं तिच्यात घ्या, फाइली उघडून पहा, ऑडिओ शेवटपर्यंत वाजतो का पहा, मगच पहिलीला हात लावा.